समजून घ्या : आवाज फाटल्यावरच गिटार का गाते? स्टीव्ही रे वॉन आणि हिरव्या पेडलची गोष्ट

दिवाळी सरली की गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावी बाजार भरतो, दंडार होते, रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटकडच्या एका गावात माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मित्राचं घर आहे. सकाळी सफारी करायची आणि रात्री नाटक बघायचं, असा बेत करून आम्ही तिकडे गेलो होतो.

सकाळी जंगलात इतकी शांतता होती, की वाळक्या पानावर चितळाचा खूर पडला तरी ऐकू येत होता. रात्री सगळं उलटं. नटाने आवाज चढवला की भोंग्यातून नुसती खरखर यायची. शेजारी बसलेले एक काका वैतागून म्हणाले, ‘आवाज फाटून राहिला बापा, कमी कर ना जरासा!’

दुसऱ्या दिवशी मित्राने गिटार काढली. सोबत खोलीत वाजवायचा छोटा अॅम्प आणि ऑनलाइन मागवलेलं नवंकोरं हिरवं पेडल. कंपनी वेगळी, पण आतलं सर्किट ‘ट्यूब स्क्रीमर’ नावाच्या प्रसिद्ध पेडलवर बेतलेलं. मोबाइलवर स्टीव्ही रे वॉनचे व्हिडिओ बघून त्याने ते घेतलं होतं. पायाने बटण दाबलं आणि अॅम्पमधून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज आला. स्टीव्हीचा तो भरदार आवाज कुठेच नव्हता. तू इंजिनिअर ना, मग सांग पेडल खराब आहे का, असं त्याने मला विचारलं. (तोही इंजिनिअरच आहे, पण असो.)

पेडल खराब नव्हतं. अडचण दुसरीकडेच होती. ती समजून घ्यायची तर आधी आवाज फाटतो म्हणजे काय होतं ते बघावं लागेल, आणि मग टेक्सासच्या एका माणसाची गोष्ट. त्याने फाटलेल्या आवाजातून स्वतःची ओळख उभी केली. पुढे व्यसन सोडलं तर हा आवाजही जाईल, अशी भीती त्याला वाटू लागली.

आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं?

गोंदिया तलावांचा जिल्हा, तेव्हा उदाहरणही तिथलंच घेऊ. मामा तलावाला पाणी सोडायचं दार असतं. दार थोडं उघडलं तर थोडं पाणी, जास्त उघडलं तर जास्त. पण एकदा पूर्ण उघडल्यावर कितीही जोर लावा, त्याहून जास्त पाणी येणार नाही. आणि पूर्ण बंद केल्यावर शून्यापेक्षा कमी पाणी येणार नाही.

अॅम्प्लिफायरमधली ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह, हे असंच दार आहे. आजोबांच्या काळातल्या रेडिओत जे व्हॉल्व्ह असायचे, चालू केल्यावर तापायला अर्धा-एक मिनिट लावायचे, तेच. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. प्लेटवर काहीशे व्होल्टचा दाब असतो. या दोन्हींच्या मध्ये एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारच्या तारेपासून आलेला इवलासा सिग्नल या ग्रिडवर येतो आणि इलेक्ट्रॉनच्या मोठ्या प्रवाहाचं दार उघडझाप करतो. लहान सिग्नलची मोठी नक्कल तयार होते.

सिग्नल प्रमाणाबाहेर मोठा झाला तर? दार पूर्ण उघडून अडकतं. वर जाणाऱ्या लाटेचं टोक सपाट होतं, खालच्या लाटेचंही. इंजिनिअर याला क्लिपिंग म्हणतात, आपण म्हणतो आवाज फाटला.

ट्यूब आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला फरक इथे दिसतो. साधा ट्रान्झिस्टर अॅम्प मर्यादेपर्यंत अगदी सरळ चालतो आणि मग भिंतीवर आदळतो. लाटेचं टोक कात्रीने कापल्यासारखं तुटतं. ट्यूब मात्र मर्यादा जवळ आली की हळूहळू मंदावते, लाटेचं टोक गोलसर होतं. लाटेचा आकार बदलला की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नवे स्वर त्यात मिसळतात. तानपुऱ्याची जवारी आठवा. मिरजेचे कारागीर तार घोडीला जेमतेम घासेल अशी जवारी लावतात, आणि एका तारेतून स्वरांची अख्खी झुंबड बाहेर पडते. मार्ग वेगळा, पण कानाला सुख देणारी गोष्ट तीच, मूळ स्वरावर चढलेले वरचे स्वर.

आणखी एक गोष्ट घडते. मोठा आवाज दाबला जातो, त्यामुळे मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी होतं. गिटारची तार छेडल्यावर एरवी पटकन विरणारा स्वर लांबत जातो, गळ्यातून आल्यासारखा. गिटारवादकांना हवी असते ती नेमकी ही जागा. आवाज फाटायला लागला आहे, पण पूर्ण फाटलेला नाही, अशी. तिलाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

ओक क्लिफमधलं घर

स्टीव्ही रे वॉनचा जन्म ३ ऑक्टोबर १९५४ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरातला. घर ओक क्लिफ या भागात. वडील जिमी ली, ओळखीच्या लोकांचे बिग जिम, अॅस्बेस्टॉसच्या कामावर जायचे. दारू प्यायचे, आणि प्यायल्यावर त्यांचा हात सुटायचा. थोरला भाऊ जिमी तीन-साडेतीन वर्षांनी मोठा.

सातव्या वर्षी स्टीव्हीला खेळण्यातली गिटार मिळाली. नोटेशन वाचायला तो कधीच शिकला नाही. रेकॉर्ड लावायची, कान द्यायचा आणि बोटांनी शोधत बसायचं. १९६३ मध्ये त्याने पहिली रेकॉर्ड विकत घेतली, लॉनी मॅकची ‘वॅम’. ती त्याने इतक्या वेळा वाजवली, की चिडून वडिलांनी ती मोडली, असं तो पुढे सांगत असे. भाऊ जिमीच्या गिटारींना हात लावायला बंदी होती. घरात कुणी नसताना तो त्या वाजवायचा आणि पकडला गेला की मार खायचा.

किशोरवयात तो एका बर्गरच्या टपरीवर कामाला लागला. कचऱ्याचं काम करताना एकदा वापरलेल्या तेलाच्या पिंपात पडला. त्या दिवशी नोकरी सोडली आणि यापुढे फक्त गिटार असं ठरवलं. शाळाही अर्धवट सोडून १९७२ च्या सुरुवातीला तो ऑस्टिनला गेला. पुढची दहा वर्षं बँड बदलण्यात आणि छोट्या क्लबमध्ये वाजवण्यात गेली. नावांची यादी लांब आहे, ती सोडून देऊ. दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे १९७४ च्या सुमारास ऑस्टिनमधल्या एका वाद्यांच्या दुकानात त्याने आपली गिटार देऊन एक जुनी, रंग उडालेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेतली. तिला तो नंबर वन म्हणायचा. शेवटपर्यंत तीच त्याची मुख्य गिटार राहिली. दुसरी म्हणजे १९७५ मध्ये ऑस्टिनमध्ये अँटोन्स नावाचा ब्लूज क्लब सुरू झाला. ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून स्टीव्ही शिकला, ते काळे ब्लूज वादक इथे येऊन वाजवत. अल्बर्ट किंगसारख्या दिग्गजाने या गोऱ्या पोराला स्टेजवर शेजारी उभं केलं. आपल्याकडे उस्तादाच्या मैफलीत मागे तानपुऱ्यावर बसायला मिळणं जसं मोठं, तसंच ते होतं.

१९७८ पासून त्याच्या बँडचं नाव होतं डबल ट्रबल. ड्रमवर ख्रिस लेटन आणि १९८१ पासून बास गिटारवर टॉमी शॅनन. फक्त तिघं. दुसरा गिटारवादक नाही, तेव्हा कीबोर्डही नाही. म्हणजे आवाजातली सगळी रिकामी जागा एकट्या स्टीव्हीने भरायची. त्याला इतका भरदार आवाज का लागायचा, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मॉन्त्रोतली हुर्यो

१७ जुलै १९८२. स्वित्झर्लंडमधला मॉन्त्रो जॅझ महोत्सव. ज्या बँडचा एकही अल्बम निघालेला नाही, त्याला अशा ठिकाणी बोलावणं जवळजवळ अशक्य. निर्माते जेरी वेक्सलर यांच्या शिफारशीने ते जमलं. त्या रात्री शांत, तारांच्या गिटारीवरचा ब्लूज ऐकायला आलेल्या श्रोत्यांसमोर स्टीव्हीने आपले अॅम्प पूर्ण जोरात सोडले. प्रेक्षकांतून हुर्यो उडाली. रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, त्यात ती ऐकू येते. स्टेजवरून उतरताना तो खचलेला होता.

पण त्याच मुक्कामात दोघांनी त्याला हेरलं. एक डेव्हिड बोवी, दुसरा गायक जॅक्सन ब्राउन. ब्राउनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ तीन दिवस फुकट देऊ केला. नोव्हेंबरमध्ये तिथे जे रेकॉर्ड झालं, तोच ‘टेक्सास फ्लड’ हा अल्बम, जून १९८३ मध्ये आलेला. मधल्या काळात बोवीने त्याला ‘लेट्स डान्स’साठी न्यूयॉर्कला बोलावलं. शीर्षकगीताच्या शेवटी जी गिटार वाजते ती स्टीव्हीची. गाणं अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं.

बोवीच्या जगभराच्या दौऱ्यात वाजवायची संधीही समोर होती. पैसे आणि स्वतःच्या बँडला मिळणारी जागा यावरून फिसकटलं आणि ऐनवेळी स्टीव्हीने माघार घेतली. तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. काही आठवड्यांतच स्वतःचा अल्बम आला आणि त्याला कुणाच्या मागे उभं राहायची गरज उरली नाही.

हिरव्या डबीत आहे तरी काय?

आता त्या पेडलकडे येऊ. ट्यूब स्क्रीमर जपानमध्ये जन्मलं, १९७९ मध्ये, आयबनेझ या नावाने. बनवणारी कंपनी निशिन ओनपा, सर्किट सुसुमु तामुरा या इंजिनिअरचं. मॉडेल टीएस-८०८. पुढे १९८२ च्या सुमारास टीएस-९ आलं, नंतर टीएस-१०. स्टीव्हीने ही तिन्ही वेगवेगळ्या काळात वापरली. नावात ट्यूब असली तरी डबीत ट्यूब नाही. आत एक साधी ऑप-अॅम्प चिप, दोन डायोड आणि चिल्लर भाग. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. दुसऱ्या वर्षाला असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलमध्ये जमेल इतकं सोपं.

हुशारी मांडणीत आहे. डायोड चिपच्या फीडबॅकच्या वाटेत बसवलेत, त्यामुळे लाट कापली न जाता टोकाला गोलसर होते. शिवाय खालचे, घुमणारे स्वर मधल्या स्वरांइतके वाढवले जात नाहीत. जाड तारा एकदम फाटल्या तर चिखल होतो, तो त्यामुळे टळतो. आवाजाचा मधला पट्टा, साधारण माणसाचं बोलणं जिथे ठळक ऐकू येतं तो, फुगून पुढे येतो.

आता अॅम्पची बाजू बघा. स्टीव्ही मुख्यतः साठच्या दशकातले फेंडर कंपनीचे ट्यूब अॅम्प वापरायचा, व्हायब्रोव्हर्ब आणि सुपर रिव्हर्ब. पुढे डम्बल नावाचे हाताने बनवलेले अॅम्पही आले. त्या फेंडर अॅम्पचा स्वभाव असा, की खालचा आणि वरचा आवाज भरपूर, मधला पट्टा मात्र खोलगट. म्हणजे अॅम्पमध्ये जिथे खड्डा, नेमका तिथेच पेडलचा उंचवटा. एकमेकांसाठीच बनवल्यासारखे ते बसतात, पण तसं कुणी ठरवलं नव्हतं.

पेडलवर तीन खुंट्या असतात. ड्राइव्ह म्हणजे पेडलने स्वतः किती फाडायचं, टोन म्हणजे आवाज किती धारदार हवा, आणि लेव्हल म्हणजे पुढे अॅम्पला किती जोराचा सिग्नल पाठवायचा. नवशिके ड्राइव्ह पूर्ण फिरवतात. स्टीव्हीची पद्धत उलटी म्हणून ओळखली जाते, ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त. फाटण्याचं काम पेडलने नाही, अॅम्पच्या ट्यूबने करायचं. अॅम्प आधीच इतका मोठा लावलेला असायचा, की तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडली तर कडा फाटायच्या. पेडल फक्त धक्का द्यायचं. झोका वर पोचला असताना मागून एक हलका हात लावावा, तसा.

या सगळ्याच्या आधी त्याचे हात होते, हे सांगायलाच हवं. बहुतेक वादक सर्वांत बारीक तार इंचाच्या नऊ किंवा दहा हजारांश जाडीची लावतात, स्टीव्ही तेरा हजारांशची लावायचा. तारा अर्धा स्वर उतरवून बांधलेल्या असल्या तरी अशा तारा ओढून स्वर चढवणं म्हणजे बोटांची परीक्षा. बोटांची कातडी फाटायची. मग तो चक्क सुपरग्लूने ती चिकटवून पुन्हा वाजवायचा. जाड तार, जबरदस्त आघात, त्यामुळे पेडलपर्यंत पोचणारा सिग्नलच दणकट. पेडल विकणाऱ्या जाहिराती हा भाग सांगत नाहीत.

स्वतःलाच शेवटच्या टोकाला लावलेला माणूस

पुढची तीन वर्षं वेगाने गेली. १९८४ मध्ये ‘कुडन्ट स्टँड द वेदर’, त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, म्हणजे तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम. १९८५ मध्ये कीबोर्डवादक रीस वायनन्स बँडमध्ये आला आणि ‘सोल टु सोल’ निघाला. त्याच उन्हाळ्यात मॉन्त्रोला पुन्हा बोलावणं आलं, आणि या वेळी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

या काळातले फोटो नीट पाहिले तर चेहऱ्यावर सूज दिसते. तो रोज पीत होता आणि कोकेनही घेत होता. कोकेन दारूत विरघळवून प्यायची सवय लागली होती. टॉमी शॅननचंही तेच. मिळणारे पैसे मोठे होते आणि संपण्याचा वेगही. लग्न मोडकळीला आलं होतं.

२७ ऑगस्ट १९८६ ला वडील गेले. लहानपणी ज्या दारूचा मार खाल्ला, तीच आता मुलाच्या हातात होती. अंत्यविधी आटोपून तो पुन्हा कार्यक्रमाला गेला. महिन्याभरात बँड युरोपच्या दौऱ्यावर होता. सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये रक्ताची उलटी होऊन तो कोसळला. पुढचा झुरिचचा कार्यक्रम कसाबसा केला. लंडनमध्ये डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा पोटाला आतून इजा झाल्याचं कळलं. असंच चालू राहिलं तर फार दिवस नाहीत, असं त्याला स्पष्ट सांगण्यात आलं. दौरा तिथेच थांबला. आई लंडनला आली आणि तिच्याबरोबर तो अमेरिकेला परतला. त्या विमानात त्याने आईकडेच पैसे मागून शेवटची दारू घेतली आणि मग रडू लागला, ही आठवण त्याने पुढे स्वतःच सांगितली होती.

ऑक्टोबरमध्ये तो अटलांटाच्या पीचफर्ड हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्याच सुमारास टॉमी शॅनन ऑस्टिनमध्ये उपचारांसाठी भरती झाला. दोघं एकदम आत गेले, ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. बाहेर आल्यावर रोजच्या दौऱ्यात शेजारी उभा असलेला माणूसही न पिणारा होता.

साधारण महिन्याभराने स्टीव्ही बाहेर आला. आता खरी भीती सुरू झाली. मोठा झाल्यापासून तो शुद्धीत राहून क्वचितच स्टेजवर गेला होता. आपली गिटार दारूने वाजते की आपण वाजवतो, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पिऊन वाजवणाऱ्यांच्या कथा संगीताच्या दुनियेत कौतुकाने सांगितल्या जातात. आपल्याकडेही, नाट्यसंगीतापासून ऑर्केस्ट्रापर्यंत. त्या कथांवर तोही वाढला होता.

एक इंजिनिअर म्हणून मला इथे ट्यूबची आठवण येते. ट्यूब मर्यादेपलीकडे ढकलली तर सुंदर वाजते, पण तिचं आयुष्य घटतं. वाजेनाशी झाली की सॉकेटमधून काढायची, नवी लावायची, दहा मिनिटांचं काम. स्टीव्हीचे अॅम्प त्या काळात सतत दुरुस्तीला असायचे. त्याच्या स्वतःच्या पोटाला मात्र सॉकेट नव्हतं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला. हात तेच होते. तारा तेवढ्याच जाड, अॅम्प तेवढेच मोठे. हळूहळू भीती गेली. कार्यक्रमाच्या मध्येच थांबून तो प्रेक्षकांना आपल्या व्यसनाबद्दल सांगू लागला. गिटारच्या मैफलीत लोकांना हे ऐकायचं असतं का? काहींना कंटाळा आला असेल. पण त्याने ते सोडलं नाही.

जून १९८९ मध्ये ‘इन स्टेप’ आला. पूर्ण शुद्धीत रेकॉर्ड केलेला त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाची सावली त्याच्या नावातही आहे. जुना मित्र आणि गीतकार डॉयल ब्रॅमहॉल याच्यासोबत लिहिलेली ‘टाइटरोप’ आणि ‘वॉल ऑफ डिनायल’ ही गाणी थेट या लढाईबद्दल आहेत. ‘क्रॉसफायर’ अमेरिकेच्या रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अल्बमला ग्रॅमी मिळाली. आवडीनिवडी असतात, पण माझ्या कानाला ‘टेक्सास फ्लड’पेक्षाही यातली गिटार जास्त मोकळी वाटते. शेवटचं ‘रिव्हिएरा पॅराडाइज’ ऐका. जवळजवळ नऊ मिनिटं, एकही शब्द नाही आणि आवाज अजिबात फाटलेला नाही. ज्या माणसाची ओळख फाटलेल्या आवाजाची, त्याने अल्बम संपवला तो स्वच्छ स्वरावर.

धुक्यातली रात्र

१९९० मध्ये दोन गोष्टी घडल्या. लहानपणी ज्याच्या गिटारीला चोरून हात लावायचा, त्या भावासोबत त्याने ‘फॅमिली स्टाइल’ हा अल्बम रेकॉर्ड केला. आणि जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या एका कार्यक्रमस्थळी स्टेजवरचा सेट गिटारींवर पडून नंबर वनची मान तुटली. तंत्रज्ञाने दुसरी मान बसवून तिला पुन्हा उभी केली.

२६ ऑगस्टला विस्कॉन्सिनमधल्या ईस्ट ट्रॉयजवळ अल्पाइन व्हॅली या खुल्या रंगमंचावर एरिक क्लॅप्टनसोबत कार्यक्रम होता. शेवटी क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे, भाऊ जिमी आणि स्टीव्ही असे सगळे एकत्र वाजले. कार्यक्रम संपला तेव्हा धुकं दाटलं होतं. शिकागोला परत जायला हेलिकॉप्टर होती. त्यातल्या एकात स्टीव्ही बसला. सोबत क्लॅप्टनच्या चमूतले तिघं आणि पायलट. मध्यरात्र उलटून गेल्यावर उड्डाण झालं आणि काही क्षणांतच ते हेलिकॉप्टर जवळच्या टेकडीवर आदळलं. पाचही जण गेले. अपघात झाल्याचं सकाळपर्यंत कुणाला कळलंही नाही. भाऊ जिमी आणि क्लॅप्टन यांना ओळख पटवायला बोलावलं गेलं.

तारीख होती २७ ऑगस्ट १९९०. वडिलांना जाऊन त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. स्टीव्ही ३५ वर्षांचा होता आणि जवळपास चार वर्षं त्याने एक थेंबही घेतला नव्हता. डॅलसच्या लॉरेल लँड दफनभूमीत वडिलांजवळ त्याला ठेवलं. ‘फॅमिली स्टाइल’ महिन्याभराने बाजारात आला. ऑस्टिनमध्ये नदीकाठी त्याचा पुतळा आहे. २०१५ मध्ये त्याचं आणि डबल ट्रबलचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलं. नंबर वन भावाने जपून ठेवली.

मग मित्राच्या पेडलचं काय?

त्याचा अॅम्प ट्रान्झिस्टरचा आहे. लेव्हल वाढवून त्याला कितीही धक्का दिला तरी तो ट्यूबसारखा गोलसर फाटणार नाही. म्हणून मित्राने ड्राइव्ह पूर्ण फिरवला, आणि मग ऐकू आला तो फक्त डबीतल्या दोन डायोडचा आवाज, सहा इंची स्पीकरमधून. पोळं उठलं ते असं.

ट्यूब अॅम्प असेल तर हे करून बघा. पेडल बंद ठेवून अॅम्पचा आवाज इतका वाढवा, की हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात छेडलं तर किंचित फाटेल. मग पेडल चालू करा. ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल अर्ध्याच्या वर, टोन मध्यावर. तिथून कानाने पुढे जा. मोठा अॅम्प घेऊ नका. चाळीस वॉटचा ट्यूब अॅम्प फाटेपर्यंत वाढवला तर सोसायटीची मीटिंग बोलावली जाईल. घरासाठी पाच वॉट पुरतात, आणि तेही कमी नाहीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून अॅम्प मागवणार असाल तर मागचा शिक्का वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर न लावता प्लग घातला तर पैसे पाण्यात. आणि ट्यूब अॅम्प स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव जाईल इतका दाब शिल्लक राहू शकतो.

ट्रान्झिस्टर अॅम्पच असेल तर ड्राइव्ह मध्यापर्यंतच ठेवा, अॅम्पवरचा ट्रेबल उतरवा. मित्राला फोनवर हे सांगितलं. स्टीव्हीसारखा आवाज आला नाही, पण मधमाश्या गेल्या म्हणे. आता त्याने तेरा हजारांशच्या तारा मागवल्यात. सुपरग्लू घरी आहे का, ते मी विचारलेलं नाही.